गोन्सालोच्या टेकडीवरून उराकामीच्या घंटेकडे : नागासाकीतले सहा दिवस

वसईत वाढलेल्या माणसाला गोन्सालो गार्सियाची ओळख करून द्यावी लागत नाही. कॉलेजच्या पाटीवर त्याचं नाव, गासच्या चर्चला त्याचं नाव. शाळेत असताना मी त्याच्यावर निबंधही लिहिला होता : वसईत जन्मलेला, भारताचा पहिला संत, जपानमध्ये क्रुसावर मेला. ती जागा डोळ्यांनी पाहावी असं मात्र कधी मनात आलं नव्हतं.

मे २०२१ मध्ये माझे यजमान कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. शेवटचं तोंडसुद्धा पाहता आलं नाही. दफनाला मोजकी पाच माणसं होती. त्या दिवशी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाली नाही, घंटा वाजली नाही. चर्चला जायचं मी सोडलं नाही, पण ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणताना ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ या शब्दांपाशी माझे ओठ मिटायचे. बाकीची प्रार्थना म्हणायची आणि तेवढे शब्द गाळायची. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. पुण्यात जपानी शिकून फुकुओकात नोकरीला लागलेल्या भाचीनं ‘मावशी, यंदा फेब्रुवारीत ये, आपण गोन्सालोच्या टेकडीवर जाऊ’ म्हटलं, तेव्हा मी लगेच होकार दिला. एवढा मोठा संत माझ्याच गावचा आणि मी तीन शब्दांपाशी अडते, याची लाज मनात होती.

पहिला दिवस : ओमुराचा उपसागर

फुकुओकाहून नागासाकी दीड तासावर. वाटेत ताकेओ-ओन्सेनला गाडी बदलावी लागते. नवी शिंकान्सेन त्याच फलाटावर समोर उभी असते, त्यामुळे सामान घेऊन पळापळ होत नाही. गाडी ओमुराच्या उपसागराजवळून जाऊ लागली, तशी भाचीनं मला खिडकीशी बसवलं. ‘मावशी, हे पाणी बघ.’

गोन्सालो आणि त्याच्या सोबत्यांना ४ फेब्रुवारी १५९७ च्या रात्री याच उपसागरातून होड्यांनी सोनोगीहून तोगित्सुला आणलं होतं. हात बांधलेले, कडाक्याची थंडी, रात्र होडीतच काढलेली. क्योतोत डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढली होती. तिथून महिनाभर भर हिवाळ्यात, बहुतेक पायी, त्यांना ८०० किलोमीटरच्या आसपास चालवलं. निघाले तेव्हा २४ होते. वाटेत त्यांची सेवा करत बरोबर चालणारे दोघे पकडले गेले आणि २६ झाले. त्या दोघांना घरी परतायची मुभा होती, हे माझ्या मनातून जात नव्हतं.

संध्याकाळी चांपोन खाल्लं. जाड शेवया, कोबी, कोळंबी, माकुल, डुकराचं मांस, सगळं पांढरट दाट रश्श्यात. वाऱ्यात गारठून आलेल्या माणसाला यासारखं जेवण नाही. शाकाहारी मंडळींनी मात्र आधी विचारून घ्यावं. वरून भाज्या घातल्या तरी रस्सा हाडांचाच असतो.

दुसरा दिवस : निशिझाका आणि ओउरा

५ फेब्रुवारी. आम्ही मुद्दाम हीच तारीख धरली होती. नागासाकी स्टेशनातून बाहेर पडून चढण चढलं की पाच-सात मिनिटांत निशिझाका, गोन्सालोला क्रुसावर दिलं ती टेकडी. छोटी बाग, शेजारी संत फिलिपच्या चर्चचे दोन उंच मनोरे आणि समोर लांबलचक दगडी भिंतीवर ब्राँझचे २६ जण ओळीनं. १९६२ साली, त्यांना संत जाहीर केल्याला १०० वर्षं झाली तेव्हा, फुनाकोशी यासुताके या शिल्पकारानं घडवलेले. क्रूस कोरलेले नाहीत. सगळ्यांचे पाय खाली लोंबतात, जमिनीला टेकत नाहीत. तीन आकृत्या आखूड आहेत. ती मुलं : १२ वर्षांचा लुईस, १३ वर्षांचा अंतोनियो, १४ वर्षांचा थॉमस. मी ३१ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं आहे. सहावी-सातवीच्या पोरांची उंची मला मोजपट्टीशिवाय कळते.

थॉमस कोझाकी आपल्या बापाबरोबर चालत होता. वाटेत मिहारा इथं त्यानं आईला पत्र लिहिलं : आमची काळजी करू नकोस, आम्ही तुझी वाट पाहू, धाकट्या भावांना सांभाळ. ते पत्र आईला पोचवता आलं नाही. नंतर ते बापाच्या मृतदेहावर रक्तानं माखलेलं सापडलं.

फलकावर भाचीनं काताकाना अक्षरांत गोन्सालोचं नाव शोधून दिलं. त्याची कथा आपल्याकडे फार गुळगुळीत करून सांगतात. बाप पोर्तुगीज, आई इथली. वसईत येशूसंघीय (जेझुइट) फादरांकडे शिकला, वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्याबरोबर जपानला आला आणि भाषा अशी शिकला की लोक त्याच्याशी मोकळेपणानं बोलत. पण येशूसंघानं त्याला सदस्य करून घेतलं नाही. तो मकावला जाऊन व्यापारी झाला, चांगले पैसे कमावले. मग सगळं सोडून मनिलाला फ्रान्सिस्कन संन्यासी झाला, तोही फादर नव्हे, साधा ब्रदर. १५९३ मध्ये फ्रान्सिस्कन फादर पेद्रो बाउतिस्तांचा दुभाषा म्हणून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या दरबारात तो उभा होता. ज्या दारातून माघारी पाठवलं त्याच देशात माणूस दुसऱ्या वाटेनं परत आला, हे मला त्याच्या मरणाइतकंच मोठं वाटतं. त्या दिवशी टेकडीवर पोचल्यावर तो क्रुसाकडे धावत गेला आणि ‘हा माझा का?’ म्हणून त्यानं विचारलं, असं सांगतात. तो त्याचा नव्हता. त्याचा दुसरा होता.

घरून आणलेली झेंडूची फुलं विमानतळावर टाकून द्यावी लागली होती (ताजी फुलं, फळं, बिया आणू नका). म्हणून स्टेशनाजवळ शेवंती घेतली. मी फुलं ठेवत असताना झाडलोट करणाऱ्या एका आजोबांनी भाचीला विचारलं, या कुठल्या? वसई म्हटल्यावर त्यांना कळेना. ‘गोन्सालो-सानच्या गावच्या’ असं तिनं सांगितलं, तेव्हा त्यांनी झाडू भिंतीला टेकवला आणि कमरेत वाकून मला नमस्कार केला. मला काय करावं ते सुचेना. मीही वाकले.

शेजारचं संग्रहालय चुकवू नका, ५०० येन. बाहेर वारा फार असतो, कान झाकायला काहीतरी हवंच.

दुपारी ट्राममधून ओउराला गेलो. अंतर कितीही असो, ट्रामचं भाडं एकच, उतरताना द्यायचं. ओउराचं चर्च १८६४ मध्ये फ्रेंच फादरांनी परदेशी व्यापाऱ्यांसाठी बांधलं, या २६ जणांच्या नावानं आणि निशिझाकाकडे तोंड करून. ख्रिस्ती धर्मावर बंदी १६१४ पासून होती. १६४४ नंतर देशात एकही फादर उरला नव्हता. दरवर्षी लोकांना ख्रिस्ताच्या किंवा मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवून आपण ख्रिस्ती नाही हे दाखवावं लागे. त्या प्रतिमांना फुमिए म्हणत. त्यामुळे जपानी ख्रिस्ती संपले, असंच सगळं जग धरून चाललं होतं.

१७ मार्च १८६५ ला उराकामी गावचे पंधरा-एक शेतकरी या चर्चच्या दारात येऊन उभे राहिले. एका बाईनं फादर पेतिजाँच्या कानाशी येऊन सांगितलं की आमचं आणि तुमचं मन एकच आहे, आणि विचारलं, मरियेची मूर्ती कुठे आहे? ती मूर्ती आजही उजव्या बाजूच्या वेदीवर आहे. एवढं मी वाचलेलं होतं. पुढचं भाचीनं फलकावरून वाचून दाखवलं : ते लोक म्हणाले, सध्या आमचा दुःखाचा काळ चालू आहे, आज सतरावा दिवस, तुम्हीही पाळता का?

मी बाकावर बसून बोटं मोजली. त्या वर्षी राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाचा पहिला दिवस, १ मार्चला होता. १७ मार्च म्हणजे प्रायश्चित्तकाळाचा बरोबर सतरावा दिवस. फादर नाही, छापलेलं पंचांग नाही, रोमहून चिठ्ठीचपाटी नाही. २२० वर्षं शेतकऱ्यांनी चांद्र महिन्यांच्या जपानी पंचांगाशी मेळ घालत ईस्टरची तारीख काढली होती आणि तिच्यात एका दिवसाचीही चूक नव्हती. आमच्या वसईत १७३९ नंतर पोर्तुगीज पाद्री गेले, तरी इथलेच फादर गावात राहिले, मिस्सा थांबली नाही. इथं तर काहीच नव्हतं.

प्रवेशाचे हजार येन. आत फोटो काढता येत नाहीत, आणि ते बरंच आहे.

तिसरा दिवस : सोतोमे

स्टेशनाहून सोतोमेतल्या शित्सु गावाला बसनं सव्वा तासाच्या आसपास लागतो. बस थोड्या आहेत. परतीची वेळ उतरतानाच लिहून घ्या. डावीकडे समुद्र, उजवीकडे उभे डोंगर, त्यांत कोरलेले वाफे. हा प्रदेश इतका गरीब होता की रताळ्यावरच माणसं जगायची.

शित्सुचं चर्च (१८८२) पांढरं आणि बुटकं आहे. समुद्राचा वारा झेलायला छप्पर मुद्दाम खाली ठेवलेलं. फादर द रोट्झ यांनी ते बांधलं आणि वर्षभरानं गावातल्या बायकांसाठी कामाचं केंद्र काढलं. विणकाम, पाव, शेवया असं सगळं शिकवलं. जपानीत पावाला ‘पान’ म्हणतात. आपला पाव आणि त्यांचा पान एकाच पोर्तुगीज शब्दाची पोरं. फादर पुन्हा फ्रान्सला गेले नाहीत. त्यांच्या पद्धतीच्या शेवया अजून विकायला आहेत.

दुपारी पाऊस आला. एका स्वयंसेवक आजींनी आम्हाला आपल्या छोट्या गाडीतून कारेमात्सुच्या देवळाकडे नेलं. झाडीतली पायवाट, शिंतोंचं असतं तसं लाकडी देऊळ. पण आतला देव म्हणजे सान जुआन नावाचा एक परदेशी फादर. जवळ एक मोठी शिळा आहे. प्रायश्चित्तकाळात रात्री लोक तिच्या आडोशाला बसून ‘ओराश्यो’, म्हणजे प्रार्थना, कुजबुजत आणि मुलांना पाठ करून देत. पंचांग राखणारा एक, बाप्तिस्मा देणारा दुसरा, निरोप पोचवणारा तिसरा, अशी कामं गावातल्यांनीच वाटून घेतलेली. बास्तियान नावाच्या जपानी धर्मशिक्षकानं पंचांग मागे ठेवलं होतं आणि सांगून गेला होता : सात पिढ्यांनंतर मोठ्या काळ्या जहाजातून कुमसार, म्हणजे पापांची कबुली, ऐकणारे फादर येतील.

मी आजींना भाचीकरवी विचारलं, तुमच्या घरातले फुमिएवर पाय ठेवायचे का? विचारल्यावर वाटलं, विचारायला नको होतं.

त्या म्हणाल्या, ‘ठेवायचे. सगळे ठेवायचे. नाहीतर मी इथं नसते.’ मग त्यांनी सांगितलं, त्या दिवशी लोक घरी आले की दार लावून ‘कोन्चिरिसान’ म्हणायचे. पोर्तुगीज शब्द, मनापासूनचा पश्चात्ताप. फादर नसेल तर त्या पश्चात्तापानं क्षमा मिळते असं त्यांना शिकवलेलं होतं आणि ती प्रार्थना हातानं उतरवून घरोघर जपलेली होती. पुढल्या वर्षी पुन्हा पाय ठेवायचा, पुन्हा घरी येऊन कोन्चिरिसान. असं दोनशेहून अधिक वर्षं.

पावसात त्या शिळेपाशी आम्ही बराच वेळ उभ्या होतो. निशिझाकाच्या २६ जणांबद्दल मला आदर होता आणि आहे. पण १८६५ मध्ये ओउराच्या दारात जे उभे राहिले, ते या पाय ठेवणाऱ्यांचे नातू-पणतू होते. श्रद्धा टिकवली असं म्हणताना आपण फक्त न वाकलेल्यांची गणती करतो. या वाकलेल्यांना, दरवर्षी घरी परत येऊन रडणाऱ्यांना, मी कधी धरलंच नव्हतं.

निघताना आजींनी कानकोरो-मोची दिली. रताळ्याच्या चकत्या उकडून वाळवतात, मग चिकट तांदळाबरोबर कुटून वडी करतात. कापून भाजून खायची. एक तुकडा तोंडात घातला आणि मला आमची सुकेळी आठवली. तीच उन्हात आटलेली गोडी, तोच दाताला लागणारा चिवटपणा.

चौथा दिवस : समुद्र

गोतो बेटांकडे जाणारी सकाळची वेगवान बोट वाऱ्यामुळे रद्द. ओहातो बंदरावर पाच तास बसलो. दुपारी मोठी फेरी निघाली, तीन तासांवर प्रवास, आणि लाटा अशा की उभं राहता येईना. फेब्रुवारीत गोतोला जाणार असाल तर एक दिवस हातात राखून ठेवा आणि उलटीची गोळी आधीच घ्या.

१७९७ पासून सोतोमेचे सुमारे ३००० लोक याच पाण्यातून छोट्या होड्यांनी गोतोला गेले, पडीक जमीन कसायला. त्यांतले बहुतेक गुपचूप ख्रिस्ती. मी बाकाला घट्ट धरून बसले होते आणि ते पोरंबाळं घेऊन कसे गेले असतील याचाच विचार करत होते.

गोतोतल्या फुकुए बेटावर रात्री पोचलो. घरगुती मुक्काम होता. यजमानीणबाईंनी चुलीवर कढई ठेवून गोतोचे उडोन उकळते तसेच पुढ्यात ठेवले. बारीक शेवया, कॅमेलियाचं तेल चोळून ताणलेल्या, पाखरू-माशाच्या रश्श्यात बुडवून खायच्या. दिवसभर पोटात काही ठरलं नव्हतं. मी तीन वाट्या खाल्ल्या.

पाचवा दिवस : हिसाका

वारा पडला, ऊन आलं. फुकुएहून छोट्या बोटीनं वीस मिनिटांत हिसाका बेट. सगळीकडे कॅमेलियाची लाल फुलं. ती पाकळी-पाकळी गळत नाहीत, अख्खं फूलच खाली पडतं. रस्ता लाल झालेला.

बेटावर ‘रोया नो साको’ नावाची जागा आहे. १८६८ मध्ये, ओउराच्या त्या भेटीनंतर, इथल्या लोकांनीही आपण ख्रिस्ती असल्याचं उघड सांगितलं. बंदी अजून उठली नव्हती. सुमारे २०० जणांना सहा त्सुबोंच्या, म्हणजे जेमतेम २० चौरस मीटरच्या घरात कोंडलं. आमच्या घराची बैठकीची खोली याहून फार लहान नाही. आठ महिने. बसायला जागा नाही, कित्येकांचे पाय जमिनीला लागत नसत, दाटीतच अधांतरी. सकाळ-संध्याकाळ रताळ्याचा एकेक तुकडा. ४२ जण मेले, त्यांत लहान मुलं पुष्कळ. आता तिथं स्मारकाचं छोटं चर्च आहे आणि बाहेर मेलेल्यांच्या नावांचे दगड.

भाची एकेक नाव वाचायला लागली, नावामागून वय. नवव्या-दहाव्या नावाला तिचा आवाज गेला. मग आम्ही दोघींनी रोझरी म्हटली. माझ्या हातात यजमानांची माळ होती. दवाखान्यातून त्यांच्या सामानाची पिशवी आली होती, तीत चष्मा, चप्पल आणि ही माळ. पाच वर्षं मी ती कपाटातून काढली नव्हती.

टॅक्सीवाल्या काकांनी गोरिनच्या जुन्या चर्चपर्यंत नेलं. शेवटचे दहा मिनिटं समुद्राकाठून चालावं लागतं. १८८१ चं लाकडी चर्च, बाहेरून साधं घरच वाटतं. आत कमानी कॅमेलियाच्या कळीसारख्या मिटलेल्या. काका दारातच थांबले. ते स्वतः बौद्ध, पण येणाऱ्यांना घेऊन आले की टोपी काढून उभे राहतात, इतकंच म्हणाले.

या बेटांवरची चर्च पाहायची असतील तर आधी नोंद करून परवानगी घ्यावी लागते. २०१८ पासून यातली बरीच ठिकाणं जागतिक वारशाच्या यादीत आहेत, पण आजही तिथं मिस्सा होते. आरडाओरडा, टोपी, फोटो नकोत.

रात्री नागासाकीत परत आलो तर शहरभर चिनी नववर्षाचे कंदील. या दिवसांत हॉटेलं भरलेली असतात, खोली दोन-तीन महिने आधी घ्या.

सहावा दिवस : उराकामी

पहाटे अंधारात उराकामीच्या मिस्सेला गेलो.

ज्या गावानं ओउराच्या दारात आपलं मन उघडलं, त्याच गावाला त्याची शिक्षा झाली. १८६८ पासून तिथले सुमारे ३४०० लोक घरादारासकट उठवून देशभर पांगवले. ६०० हून अधिक परत आलेच नाहीत. १८७३ ला बंदी उठली, उरलेले परतले. त्या हद्दपारीला उराकामीकर ‘तबी’ म्हणतात. तबी म्हणजे प्रवास. मग त्यांनी गावच्या मुखियाची जमीन विकत घेतली, जिथं त्यांना फुमिएवर पाय ठेवायला लावत तीच, आणि तिथं १८९५ पासून वीट-वीट जमवत चर्च उभारलं. ९ ऑगस्ट १९४५ ला सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी अणुबॉम्ब पडला तो या चर्चपासून ५०० मीटरवर. आत कुमसार चालू होता. धर्मग्रामातल्या १२००० पैकी ८५०० माणसं गेली.

आजचं चर्च १९५९ चं. उतारावर जुन्या मनोऱ्याचा घुमट पडला तिथंच ठेवलाय. एका बाजूच्या छोट्या प्रार्थनागृहात जुन्या वेदीवरच्या लाकडी मरियेचं फक्त शिर आहे. काचेचे डोळे वितळून गेले, जागी दोन काळ्या खोबण्या. मी तिच्यासमोर गुडघे टेकले, पण बोलले काही नाही. तिच्याकडे नुसतं पाहिलं तरी पुरे होतं.

मिस्सेला पन्नासेक माणसं, बहुतेक म्हाताऱ्या बायका, डोक्यावर पांढरी लेसची ओढणी. शेजारच्या आजींनी पुस्तकाचं पान काढून माझ्यापुढे धरलं. मला वाचता येत नाही हे कळल्यावरही धरूनच ठेवलं. ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ आलं. सगळे जपानीत, मी मराठीत. त्या शब्दांपाशी माझे ओठ पुन्हा मिटले.

बाहेर आलो तेव्हा उजाडलं होतं. दोन घंटांपैकी एक ढिगाऱ्यात शाबूत सापडली होती आणि १९४५ च्या नाताळच्या आदल्या रात्री लोकांनी ती टांगून वाजवली. दुसरी फुटली होती. तिच्या जागी अमेरिकेतल्या कॅथलिकांनी दिलेली घंटा बसवली आणि ९ ऑगस्ट २०२५ ला, ८० वर्षांनी, दोन्ही एकत्र वाजल्या.

जवळच डॉक्टर नागाई ताकाशींची झोपडी आहे, दोन तातामींची, म्हणजे दोन चटयांएवढी, एक माणूस आडवा होईल एवढी. क्ष-किरणांच्या कामानं रक्ताचा कर्करोग झाला होता, तेही बॉम्ब पडायच्या आधीच कळलेलं. पत्नी मिदोरी बॉम्बमध्ये गेली. राखेत तिची हाडं आणि त्यांजवळ रोझरी सापडली. ती उराकामीच्या पंचांग राखणाऱ्या घराण्यातली होती. याच झोपडीत पडून ते मरेपर्यंत, १९५१ पर्यंत, लिहीत राहिले. ट्रामच्या ‘हेइवा कोएन’ थांब्यावरून हे सगळं चालत होतं. सकाळीच जा, शाळांच्या सहली यायच्या आधी.

संध्याकाळी भाची कासुतेरा, इथला केक, आणायला गेली. मी खोलीत एकटी होते. खाली रस्त्यावर कंदील लागत होते. दार लावलं, दिवा मालवला, यजमानांची माळ हातात घेतली आणि सकाळी गाळलेले शब्द म्हटले. एकदा म्हटले, पुन्हा म्हटले. दुसऱ्यांदा रडू आलं. भाची परत आली तेव्हा मी बॅग भरत होते. कानकोरो-मोचीच्या चार वड्या कपड्यांच्या मधोमध ठेवल्या, दोन आमच्या फादरांना, दोन शेजारच्या घरी, सुकेळी करतात त्यांना.